बालवर्गाची हरणं

बालवर्गाच्या बाईंनी वर्गात "गप्प!" म्हटलं, की वरच्या मजल्यावरची थोराड पोरंही गप्प व्हायची. बाई मनाने मात्र लोण्याहून मऊ. दरवर्षी मोठ्या मुलांची बस अभयारण्यात निघाली, की त्यांची चिमुरडी खिडकीच्या गजांना नाक लावून हात हलवत बसायची. बाईंना ते बघवत नसे. यंदा त्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खनपटीलाच बसल्या.

"अहो, ही पोरं जनावरं बघायच्या आधीच त्यांना पळवून लावतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "बरं, न्या एकदा. पण काही न बघता परत आलात, तर पुढच्या वर्षी विषय काढायचा नाही."

मग काय, आठवडाभर वर्गात मांजरीच्या पावलांनी चालायची तालीम. सहलीच्या दिवशी अभयारण्यातल्या पाणवठ्याजवळच्या लाकडी खोलीत वनरक्षकाने सगळ्यांना चटईवर, झरोक्यांसमोर बसवलं. पोरं इतकी चिडीचूप, की बाईंना मूठभर मांस चढलं. तेवढ्यात झाडीतून एक हरीण बाहेर आलं. अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला आणि हात जोडून एका सुरात ओरडला, "न-म-स्कार, पाहुणे!"

हरीण पसार झालं, पाण्यावरचे बगळेही उडाले. नवीन कोणी दिसलं की उठून नमस्कार करायचा, हे वळण बाईंनीच लावलेलं. आता रागवणार कुणावर? त्यांना हसू आवरेना, पण मोठ्या बाईंची अटही आठवली.

"आता इकडे कोण फिरकतंय!" वनरक्षक कपाळाला हात लावून बाहेर निघून गेला.

डबे खाऊन झाले, मुलं सवयीने चटईवर आडवी झाली आणि पेंगली. मोठ्या बाईंना काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत बाई झरोक्याशी बसल्या. बघतात तर काय, पाण्यावर हरणांचा अख्खा कळप!

सगळ्यांना एकदम उठवलं तर पुन्हा नमस्कार ठरलेला. पण या पोरांची झोप बाईंना पाठ होती. तळपाय हळूच चोळून उठवलं, की मूल रडत नाही आणि थोडा वेळ त्याच्या तोंडून शब्दही फुटत नाही. त्यांनी एकेकाला तसं उठवलं, कडेवर घेऊन झरोक्याशी धरलं आणि पुन्हा निजवलं. पोरं डोळे विस्फारून बघायची नि खांद्यावर मान टाकायची. शेवटचं पोर निजेपर्यंत बाईंची कंबर कामातून गेली, पण जीव सुपाएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई वर्गात येऊन बसल्या. "काय पाहिलंत, बाळांनो?"

"हरीण पळून गेलं," एकजण म्हणाला. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली.

"पण मला स्वप्नात खूप हरणं दिसली!" दुसरी म्हणाली.

"मला पण! एकाचं शिंग मोडलं होतं."

"हो! माझ्या स्वप्नात पण मोडलं होतं!"

"आणि पिल्लू आईला चिकटून पाणी पीत होतं!"

"अरे, ते स्वप्न नव्हे..." बाईंनी तोंड उघडलं, तशी मोठ्या बाईंनी हळूच त्यांचा हात दाबला. त्यांचे डोळे हसत होते.

"पुढच्या वर्षी मी पण येते," त्या मुलांना म्हणाल्या. "मलाही तिथे झोपू द्याल ना?"

पोरांनी एकमेकांकडे बघून विचार केला.

"या," एक चिमुरडी म्हणाली, "पण घोरायचं नाही हं. हरणं पळतात."