फ्रॉकचं माप

मी दुर्गहून भिलाईला, नव्या कारखान्यात कारकुनीला जायचो. एक रेल्वेवाल्याची बायको मला दर दोन-तीन महिन्यांनी स्टेशनवर गाठायची. भिलाईत बांधकामावर राबणाऱ्या, तंबूत राहणाऱ्या जोडप्याची मुलगी तिने शाळेसाठी घरी ठेवली होती. मुलीच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलेली दोरी ती माझ्या हातात कोंबायची. तिकडे आई त्या मापाने फ्रॉक शिवायची.

एकदा मी वैतागलो. "तुमच्या घरी शिवणाची मशीन हाय ना? मंग मले कावून पिडता?"

"शिवाले मले बी येते, भाऊ. पण लेकीचं माप आईच्या हाताले ठाऊक राहाले पाहिजे."

पुढे जोडप्याला क्वार्टर मिळालं. आई मुलीला न्यायला स्टेशनवर आली, तेव्हा रेल्वेवाल्याच्या बायकोने मापाच्या दोरीचा अख्खा गुंडा तिच्या ओंजळीत ठेवला.

"आता माप तुमी धाडा, बाई. फ्रॉक मी शिवीन."