मुलाचे मामा

नव्वदच्या सुमारास मला सांगून आलेला मुलगा बंगलोरला देशी लढाऊ विमानाच्या कामावर होता. पाहण्याच्या कार्यक्रमात बाबांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करता?"

"ते सांगता येत नाही."

"विमान उडतं का?"

"अजून नाही."

इथे काहीतरी पाणी मुरतंय, असं बाबांनी ठरवूनच टाकलं.

पुढच्या आठवड्यात एक सफारीवाले गृहस्थ पनवेलच्या आमच्या आळीत आले आणि वाण्याकडे आमची चौकशी करू लागले. बाबा भडकले. "स्वतःचं धड सांगत नाहीत आणि आपल्याला तपासतात!" आईने मात्र मुलाचे मामा समजून त्यांना घरी बोलावलं, पोहे दिले, वर माझं भरतकामही दाखवलं. त्यांनी पोहे संपवले आणि माझ्या दुबईतल्या काकाचा पत्ता मागितला.

लग्नात आई मानाचं उपरणं घेऊन त्या मामांना मांडवभर शोधत होती. शेवटी नवरदेवच म्हणाला, "मला मामा नाहीत. ते आमच्या खात्याचे असतील. लग्नाआधी मुलीकडची चौकशी होते."

आमची सगळी कुंडली सरकारकडे आहे. नवरा दिवसभर काय करायचा, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.