शेवटच्या सीटवर बसणारी वहिनी

कमलवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला एका कंपनीच्या गेटवर नव्या गाडीच्या कागदांवर सह्या करत होतो. फोन पुतण्याचा होता. "काका, आई जेवून जरा पडली होती... उठलीच नाही." दोनच दिवसांपूर्वी वहिनींनी पास केलेली ती गाडी. मी तिच्याच पायरीवर बसून राहिलो. आजारपण नाही, दवाखाना नाही, कुणाला हाक मारून उठवलंही नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला. वहिनींची आठवण निघाली की आमच्या घरात अजून आधी कुणीतरी हसतं आणि मग डोळे पुसतं. त्यांना हा क्रम आवडला असता.

तयार गाडी मधोमध कापायची आणि लांब करायची, हा आमचा धंदा. भोसरीत आम्हाला लांबगाडीवाले म्हणतात. थोरला भाऊ, म्हणजे दादा, आधी बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता. एमआयडीसीत एक छोटी शेड भाड्यानं घेऊन त्यानं अपघातातल्या गाड्या सरळ करायला सुरुवात केली. मी नुकताच डिप्लोमा होऊन त्याच्या हाताखाली आलो होतो. एके दिवशी चाकणच्या बाजारातले एक भाजीचे व्यापारी आले. घरात माणसं अकरा, आणि जेजुरीला सगळ्यांना एकाच गाडीतून जायचं होतं. "एकाला जरी मागं ठेवलं तरी वर्षभर ऐकावं लागतं हो," ते म्हणाले. आम्ही त्यांची जीप कापली आणि अडीच फूट लांब केली. आकृती माझी, जोडकाम दादाचं. चाचणीला दादा चालवायला, मी शेजारी, आणि हौस म्हणून वहिनी अगदी मागं. मोशीचा पूल ओलांडला आणि मागून आवाज आला, "अहो, थांबवा! थांबवा आधी!"

वहिनींना गाडी लागायची. चाकणजवळच्या एका खेड्यातलं शेतकऱ्याचं माहेर. लहानपणी बैलगाडीतही त्यांना उलटी व्हायची म्हणे. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण हे त्यांनी सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. रस्त्याकडेला चूळ भरून त्या आल्या आणि पदरानं तोंड पुसत मला म्हणाल्या, "भाऊजी, मागं कायतरी धरत न्हाई बघा. खड्डा गेला तरी गाडी हालतीच ऱ्हाती." मी खाली वाकून पाहिलं. मागच्या पाट्यांचा, म्हणजे गाडीला तोलून धरणाऱ्या त्या लोखंडी कमानींचा, एक बोल्ट सैल राहिला होता. आम्ही दोघं शहाणे पुढं बसलो होतो, आम्हाला काही कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून रिवाजच पडला. गाडी तयार झाली की दादा चालवायचा आणि वहिनी शेवटच्या सीटवर बसायच्या. भोसरीहून चाकण, तिथून तळेगाव आणि परत. जाताना पोटात काही नको म्हणून सकाळी नुसता चहा. मान्यतेचे सरकारी कागद वेगळे, त्यांच्या तपासण्या वेगळ्या. पण वहिनी खाली उतरून "चालंल" म्हणाल्या नाहीत तोवर दादा गाडीला पॉलिश करू द्यायचा नाही. दर वेळी त्रास व्हायचाच असं नाही, पण व्हायचा. त्यांना हे आवडायचं का, असं मी एकदा विचारलं. "आवडायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "पर मला लागली न्हाई तर कुणालाच लागणार न्हाई, एवढं नक्की."

मग लग्नाच्या लांबलचक पांढऱ्या मोटारींचे दिवस आले. एका मंगल कार्यालयासाठी केलेल्या पहिल्या मोटारीवर दादा फार खूश होता. वहिनी त्या दिवशी स्वतःचा लग्नातला शालू नेसून शेडमध्ये आल्या. कामगार बघतच राहिले. त्या आत बसल्या, उतरायला गेल्या आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. "नवरीनं वाकून उतरायचं व्हय?" त्या कपाळ चोळत म्हणाल्या. "सासरी गेल्यावर वाकायचंच हाय की तिला. गाडीतनं तरी ताठ उतरू द्या." दादा हसला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ते दार कापून उंच केलं. पुढच्या सगळ्या गाड्यांना आम्ही तेच माप ठेवलं.

पण वहिनी खऱ्या कळल्या त्या डायलिसिसच्या गाडीच्या वेळी. तळेगावच्या एका संस्थेला रुग्णांची ने-आण करायला दहा आसनांची आरामशीर गाडी हवी होती. लोकार्पणाचा दिवस ठरला होता, पत्रिका छापल्या होत्या. वेळ कमी म्हणून मी सोपा मार्ग घेतला : मधे कापण्याऐवजी मागच्या चाकांच्या मागं नुसती शेपटी वाढवली, म्हणजे शेवटच्या सीटा चाकांच्या पलीकडं गेल्या. कागदावर सगळं बसत होतं. चाचणीहून परत आल्या तेव्हा वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. दाराला धरून त्या म्हणाल्या, "न्हाई. ही गाडी जायची न्हाई."

दादा भडकला. "अगं, परवा पाहुणे येणार आहेत त्यांचे! आणि तुला तर बैलगाडीसुद्धा लागते."

"लागती म्हणूनच बसवता ना मला?" वहिनींचा आवाज चढला नाही. "माझं काय, मी घरी जाऊन पडंन. त्या माणसांना एक दिवसाआड ह्यातच बसायचं हाय."

दादा तडक शेडबाहेर गेला. मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती. संध्याकाळी घरी जाऊन मी त्यांना सांगितलं की चूक दादाची नाही, घाई माझी होती. त्या पोळ्या लाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कागदावर उलटी व्हत न्हाई, भाऊजी. तुमास्नी कसं कळणार? आता जेवून जा."

सकाळी संस्थेचे अध्यक्ष तावातावानं आले. दादानं खाली मान घालून तारीख पुढं ढकलायला सांगितलं. अध्यक्ष ऐकेनात. तेव्हा वहिनी पुढं झाल्या. "साहेब, तुमी बसा मागं. चाकणपर्यंत जाऊन या. आल्यावर तुमी म्हणाल तसं." ते बसले. परत आले, उतरले, पाणी मागितलं, बराच वेळ बाकावर बसून राहिले... आणि मग त्यांनी स्वतःच फोन काढून कार्यक्रम पुढं ढकलला. दादानं शेपटी उतरवली, गाडी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे कापली, तिथं लांबी दिली. तीन आठवडे लागले. दुसऱ्या चाचणीत तळेगावच्या रस्त्यावर मागून काहीच आवाज येईना म्हणून आम्ही घाबरून वळून पाहिलं. वहिनी झोपल्या होत्या! दादानं वेग कमी केला आणि भोसरीपर्यंत हॉर्न वाजवला नाही.

पुढं पुतण्यानं हादरे मोजायचं यंत्र आणलं. वहिनी त्याच्या शेजारी बसायच्या आणि उतरल्यावर विचारायच्या, "काय म्हणतंय तुझं मशीन?" बहुतेक वेळा दोघांचं एकच असायचं. एकमत झालं नाही तर पुतण्या मुकाट्यानं यंत्र पुन्हा तपासायचा.

गेल्या आठवड्यात त्यांच्यानंतरची पहिली गाडी तयार झाली. शेडमध्ये सगळे उगाच इकडंतिकडं करत होते, निघायचं कुणी नाव काढेना. दादा आला. एवढ्या वर्षांत चाचणीचं स्टिअरिंग त्यानं कुणाला दिलं नव्हतं. त्यानं किल्ली पुतण्याच्या हातात ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकत शेवटच्या सीटवर जाऊन बसला. मी पुढं बसलो. परत आल्यावर दार उघडून तो तसाच बसून राहिला. मी हात दिला, तो धरून खाली उतरला.

"कशी सोसायची रे ती हे?" तो म्हणाला. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, दोन घोट पाणी प्यायला आणि कामगारांकडं वळला.

"मागचे पाटे बदला. उद्या पुन्हा बसतो मी."