"नेहाला दादासाठी माग"

मंडळी, घाईत टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आज घरी सांगून टाकलं, माझं नेहावर प्रेम आहे. आई रडत सुटली. बाबांची आत्या, नव्वदीची, बिनलग्नाची, मला आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत घेऊन गेली.

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तुझ्या आजीचा हात धरला, तो सोडवेना. तिला स्थळं यायला लागली, तेव्हा मीच तिला माझ्या भावासाठी, तुझ्या आजोबांसाठी मागून घेतली. तूपण नेहाला दादासाठी माग. घरातच राहील."

"आणि तू सुखी झालीस?"

"खोली एकच होती गं. ती दोघं आत, मी इथे गॅलरीत झोपायचे. पण सकाळचा चहा तिच्या हातचा मिळायचा."

आईने दारातून सगळं ऐकलं. तिचं रडणं थांबलंय. आता ती दादासाठी विचारायला नेहाच्या आईला फोन लावतेय.

कोणीतरी सांगा ना, मी काय करू?