कोपराने पाहिलेलं पाणी

बाळ माझ्या पसरलेल्या पायांवर पालथं होतं, आणि त्याची रशियन आजी बाथरूमच्या दारात उभी राहून ओरडत होती. आजी आदल्या दिवशीच कल्याणला आल्या होत्या.

"साहेब, काय म्हणतायत आजी?"

साहेब म्हणजे त्यांचे जावई, बाळाचे बाबा. "बहुतेक 'बुडवते' म्हणतायत. थांबा मावशी, विभक्ती बघून सांगतो." आणि ते फ्रिजकडे धावले.

फ्रिजवर त्यांचा तक्ता आहे. सहा विभक्त्या, सहा रंग. ठाण्याला दोन वर्षं रशियनचा क्लास केलाय. सासूबाईंसमोर मात्र नमस्कारापुढे गाडी जात नाही.

मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. शिक्षण चौथी. बाळाची आई कात्या मालीश करून घेताना बडबडायची, त्यातून मला शब्द समजत गेले. वदा म्हणजे पाणी. पाणी नाही म्हणताना वदी, पाण्याने म्हणताना वदोय. आपलं पाणी तरी कुठे पाणीच राहतं? पाण्याला, पाण्यात होतंच की. मी पुटपुटायचे, कुणी हसू नये म्हणून. साहेबांनी एकदा ऐकलंच. "मावशी, इथे चौथी विभक्ती हवी." तेव्हापासून त्यांच्यासमोर मी गप्प.

त्या दिवशी कात्या डॉक्टरकडे गेलेली. आजी बादलीतल्या वाफेकडे बोट दाखवत बाळाला उचलायला वाकल्या. तेलाने माखलेलं बाळ, ओढलं तर हातातून निसटणार. लाज बाजूला ठेवली.

"न्येत!" म्हणजे नाही. मग बादलीत कोपर बुडवलं. आमचे तळवे काम करून जाड होतात, ऊन पाणी कोपरालाच खरं कळतं. "वोदु... लोक्त्येम." पाणी, कोपराने.

आजी थबकल्या. बाही वर सारून त्यांनीही कोपर बुडवलं, अगदी माझ्यासारखं. त्यांच्याकडेही असंच बघत असणार.

"खराशो," त्या म्हणाल्या. छान. आणि पाण्याचा तांब्या स्वतःच हातात घेतला.

तेवढ्यात साहेब आले. "सापडलं मावशी! द्वितीया आहे!"

आजींनी मागे न बघताच हात पुढे केला. "पलत्येन्त्से."

साहेब पुन्हा फ्रिजकडे. मी खांद्यावरचा टॉवेल दिला.

बारशाला साहेब पाहुण्यांना सांगत होते, "मावशींना रशियन मी शिकवलं हो!"

मी मान हलवली. ज्याने पाण्यात कोपर घातलेलं नसतं, त्याला पाणी किती गरम ते मोठ्याने सांगता येतं.