मुदोमा साहेबांचा चहा

मुदोमा साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी आमच्या म्बाले गावच्या बाजारात त्यांचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, "दुसऱ्याच्या दारात पाण्याचा थेंब न घेणारा माणूस!" ही ख्याती मीच पसरवली. अकरा वर्षं मी त्यांची सरकारी गाडी चालवली, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं. आणि मी साफ खोटं सांगत होतो, हे मलाच ठाऊक नव्हतं.

एनोस मुदोमा आमच्या जिल्ह्याचे कामगार अधिकारी. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, तेव्हापासून दोन कुबड्यांवर चालायचे. उजव्या कुबडीवर तापल्या खिळ्याने डागलेली एक खूण होती. बँक असो, शाळा असो, गिरणी असो, आत शिरायच्या आधी डाव्या कुबडीवर भार टाकून उजवी दारात आडवी धरायची. खुणेपर्यंतची कुबडी चौकटीत मावली नाही, की दार नापास. मालक गालातल्या गालात हसायचे. महिनाभराने शिक्क्याचं पत्र आलं की मग पळापळ.

जाऊ तिथे चहा यायचा. आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. साहेब कप हातात घ्यायचे, आभार मानायचे आणि बोलता बोलता माझ्यापुढे सरकवायचे. दोन्ही कप मी संपवायचो.

"विष नाही घातलं हो साहेब," एक गिरणीवाला एकदा चिडून म्हणाला.

"माहीत आहे. गिमेई अजून जिवंत आहे ना," साहेब माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

संध्याकाळी घरी सोडलं की त्यांची बायको पाण्याचा मोठा मग घेऊन दारातच उभी असायची. तो एका दमात रिकामा करून ते दुसरा मागायचे. मला वाटायचं, काय निग्रह आहे या माणसाचा! हात स्वच्छ ठेवायचे म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवतो. बाजारात मी हे तिखटमीठ लावून सांगायचो.

मग नाम्बोझोची तक्रार आली.

नाम्बोझो डोंगरपायथ्याच्या कॉफी कारखान्यात चाखणीचं काम करायची. चौदा वर्षं. चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायची, तोंडात फिरवायची, थुंकायची आणि सांगायची, हे पोतं कुठल्या उतारावरचं, भिजलं होतं की नाही, कुणी धुराजवळ वाळवलं का. पुढे एका पावसाळ्यात कडा कोसळला, घराखाली ती सापडली आणि दोन्ही पाय गुडघ्यावरून कापावे लागले. सात महिन्यांनी ती कामावर परतली. चाखणीची खोली होती वरच्या मजल्यावर.

आमचा डोंगर असा, की आजाऱ्याला बांबूच्या डोलीतून खाली आणावं लागतं. वाटेत जो भेटेल त्याने डोलीला हात लावायचाच. जो लावत नाही त्याला गाव जन्मभर विसरत नाही. त्यामुळे कारखान्याचा व्यवस्थापक कुलोबा याने नाम्बोझोला वर न्यायला चार गडी नेमले, तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. चर्चमध्येसुद्धा त्याचं कौतुक झालं. कायद्याच्या चार पावलं पुढे आहोत, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. तरीही वर्षाच्या आत नाम्बोझो खाली आली, शंभर बायकांच्या रांगेत बिया निवडायला.

आम्ही गेलो तेव्हा कुलोबा फाटकापर्यंत सामोरा आला.

"या साहेब, या! चहा टाका रे! तुमचा कायदा म्हणतो पायऱ्यांशेजारी उतार बांधा. अहो, आमच्याकडे चार जिवंत उतार आहेत. हाक मारली की हजर!"

"मग तिला खाली का बसवलंत?"

"जीभ गेली हो तिची. सकाळी ठीक असायची, दुपारनंतर सगळ्या कपांना एकच शेरा. बुरशीचा माल चांगला म्हणून पास केला, ग्राहकाने परत पाठवला. पाय गेले म्हणून नाही काढलं साहेब, चव गेली म्हणून काढलं. यात कायदा काय करणार?"

मला वाटलं, संपलं. चव गेलेल्या बाईला चाखणीला ठेवा, असं कुठलं सरकार सांगेल?

साहेबांनी नाम्बोझोला बोलावलं. चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं. एक म्हातारा गडी खुर्चीचा मागचा पाय धरून होता, तोंड पार दुसरीकडे फिरवून.

"वर काम करायचीस तेव्हा पाणी किती वाजता प्यायचीस?" साहेबांनी विचारलं.

ती मान खाली घालून म्हणाली, "घरी गेल्यावर."

"का गं?" कुलोबाने विचारलं. "पाण्याला कुणी ना म्हटलं होतं?"

"नाही दादा. पण संडास खाली आवारात, त्यालाही चढायला तीन पायऱ्या. तुमचा जिवंत उतार आहे ना, त्यातले ते मागचे माझे चुलत सासरे. आम्ही त्यांच्यासमोर तोंड वर करत नाही. त्यांना सांगू, मला तिकडे न्या म्हणून? आणि दिवसातून किती वेळा सांगू?"

म्हातारा बाहेर निघून गेला.

"बरं, हे बघू आपण, एखादी बाई ठेवू," कुलोबा म्हणाला. "पण पाण्याचा आणि चवीचा काय संबंध?"

"कोरड्या जिभेला चव लागत नाही," साहेब म्हणाले. "मला विचारा. बावीस वर्षं मी कामावर असताना पाणी प्यायलो नाही."

"ते तर सगळ्या गावाला ठाऊक आहे साहेब. तुमची सचोटी..."

"सचोटी नाही. मला उकिडवं बसता येत नाही. या जिल्ह्यातल्या एकाही संडासाच्या दारातून माझ्या दोन कुबड्या जात नाहीत. भीतीने पीत नाही मी. बाकीच्या गोष्टी लोकांनी रचल्या."

रचल्या होत्या मी. त्यांच्या कपातला घोट तेव्हा माझ्या तोंडात होता. अकरा वर्षं या माणसाचा चहा मी प्यायलो आणि तुम्ही का पीत नाही, असं एकदाही विचारलं नाही. तो घोट गिळताना मला स्वतःची किळस आली.

हुकूम निघाला: चाखणीची खोली खालच्या मजल्यावर आणा, सपाट वाटेचा, रुंद दाराचा, बैठकीचा संडास बांधा, आणि नाम्बोझोची चव पुन्हा तपासा. कुलोबा आधी वरपर्यंत धावला. साहेबांनी खटला दाखल केला. तारीख जवळ आली तसा तो नरमला आणि गवंडी आले.

पण गावात मात्र बोलणं पालटलं. "म्हणजे सचोटी-बिचोटी काही नाही, बिचाऱ्याची अडचण होती," असं बाजारात एकाने म्हटलं, तेव्हा मी त्याची कॉलर धरली. साहेब म्हणाले, "खरंच बोलला तो. भांडतोस कशाला?" त्याच आठवड्यात मी त्यांना दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांना ते आधीपासून माहीत होतं.

अडीच महिन्यांनी आम्ही पाहणीला गेलो. नव्या संडासाच्या दारात साहेबांनी कुबडी आडवी धरली. खूण चौकटीच्या आत बसली. ते आत गेले, कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"एवढं काय मोजतायत?" कुलोबाने मला हळूच विचारलं.

मी त्याला दारापासून बाजूला घेतलं.

चाखणी मुद्दाम दुपारी ठेवली होती. नाम्बोझो चाकाच्या खुर्चीतून एकटीच टेबलापाशी आली. शेजारी पाण्याचा तांब्या, अर्धा संपलेला. बारा कप, नाव कशावरच नाही. तिच्याबरोबर दोन जुने चाखणारेही लिहीत होते. नवव्या कपाला ती थांबली, पुन्हा ओढला, थुंकला.

"हे पोतं चुलीच्या खोलीत ठेवलं होतं कुणीतरी."

बाकी दोघांनी तो कप बिनदोष लिहिला होता. कुलोबाने नवव्या नंबरचं पोतं आणवलं, तोंड सोडलं, नाक आत घातलं. मग दुसऱ्यांदा घातलं. धुराचा वास मलाही आला. त्याने खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर, चाखणाऱ्यांच्या यादीत, नाम्बोझोचं नाव स्वतः लिहिलं. ती त्या फळ्याकडे बघत राहिली आणि रडली.

मग चहा आला. कुलोबा आणि साहेब कागदांवर सह्या करत बसले. मी माझा कप संपवला आणि नेहमीच्या सवयीने साहेबांच्या कपाकडे हात नेला.

तो रिकामा होता.