सोपटानं बांधलेलं कोपर

"मेथीची जुडी नाही ते. डिस्क हाये."

विश्वजित सगळ्या मैदानासमोर असं बोलला आणि त्यानं माझ्या हातातून डिस्क काढून घेतली. सगळे हसले. पोरं हसली, पोरी हसल्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले. लाज लपवायला दुसरं काही सुचलं नाही. मग त्यानं बोटानं मैदानाचा कोपरा दाखवला.

"तिथं उभी राह्य. फकत उभी राह्य. पोरींची गिनती भरली म्हंजे झालं."

मी गेले आणि उभी राहिले.

हा खेळ अल्टिमेट. ताटाएवढी प्लास्टिकची चकती, तिला डिस्क म्हणायचं. ती एकमेकांकडे फेकत मैदानाच्या पलीकडच्या टोकाला न्यायची, तिथं झेलली की गुण. डिस्क हातात असताना पळायचं नाही, आणि खाली पडली की ती समोरच्यांची. आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात खेळाच्या सरांनी कुठल्याशा शिबिरातून तो खेळ आणला. त्यात पंच नसतो. ज्याला धक्का लागला त्यानंच 'फाउल' म्हणायचं, आणि समोरच्यानं ते ऐकून घ्यायचं. शिवाय मुलं आणि मुली एकाच संघात. सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं, इथं आपल्याला तोंड आहे.

कसलं तोंड. मुली नसल्या तर नियमानं संघच बसत नाही, म्हणून आम्हाला घेतलेलं. रुपाली एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. मी मोकळी असायचे, हात वर करून ओरडायचे. कॅप्टन विश्वजित माझ्याकडे बघायचा आणि दुसरीकडे फेकायचा. त्याला मी दिसले नसते तर एवढं वाटलं नसतं. त्याला मी दिसायचे.

मग उलटून का नाही बोलले? पाण्यामुळे.

विश्वजित आमच्याच गावचा, धाडचा. त्यांची शेती नजर पोचत नाही तिथवर. आमचा भाजीचा तुकडा त्यांच्या बांधाला लागून, आणि त्यात विहीर नाही. पाणी त्यांच्या विहिरीचं. त्याबद्दल बाबा त्यांच्या घरी रोज भाजी पोचवायचे, आई त्यांच्या लग्नाकार्यात राबायची, आणि आम्ही सगळे मान खाली घालून चालायचो. हे शेवटचं कुणी ठरवलं नव्हतं, पण ते गृहीत धरलेलं होतं. कॉलेजात नाव घातलं त्याच दिवशी बाबांनी बजावलं होतं, त्यायच्या पोराच्या तोंडी लागू नको, पानी त्यायचं हाये. वर्गातला पोरगा, माझ्याच वयाचा, आणि मी त्याला 'तुम्ही' म्हणायचे.

आता जुडीचं सांगते. तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. बाजाराच्या दिवशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधावरून टेम्पोत फेकाव्या लागतात. आई टेम्पोत उभी राहून झेलते, मी खालून फेकते. खांद्यापासून, अख्खा हात फिरवून. कळायला लागल्यापासून हेच करत आले. डिस्कची फोरहँड फेक याच्या नेमकी उलटी. दोन बोटं डिस्कच्या आतल्या काठाला, अंगठा वरून, कोपर कमरेपाशी, आणि फक्त मनगटाचा झटका. माझा हात ऐकायचाच नाही. फेकायला गेले की खांदा आपोआप फिरायचा, डिस्क काठावर उभी व्हायची आणि गडगडत जायची.

बॅकहँड, म्हणजे हात अंगावरून आडवा नेऊन फेकायचं, ते मला यायचं. पण ती फेक एकाच बाजूनं जाते. समोरचा गडी तीच बाजू अडवून हात पसरून उभा राहतो आणि मोठ्यानं दहापर्यंत मोजतो. दहा झाले की डिस्क गेली. फोरहँड न येणारं माणूस म्हणजे खुंट्याला बांधलेली शेळी. कधीमधी चुकून डिस्क आलीच तर समोरचे एकमेकांना सांगायचे, हिची हीच बाजू धरा. मी तिथंच अडकायचे. समोरच्याचे आकडे कानात घण घातल्यासारखे वाजायचे.

सरांनी एकदा सांगितलं, मनगट वापर. मग ते पोरांकडे गेले.

डिस्क घरी न्यायला मिळायची नाही. सगळ्या विश्वजितच्या बॅगेत. मी रंगाच्या बादलीचं झाकण घेतलं. त्याला काठ असतो, चालतं. एकदा वाफ्यात जुड्या बांधत होतो. जुडी बांधायला आम्ही केळीचं सोपट वापरतो, खोडाची वाळलेली साल, भिजवलेली. सोपट नाजूक, जरा हिसका बसला की तुटतं. मी आईला म्हटलं, माझं कोपर कमरेला बांध.

"काऊन वं? हात मोडला का?"

मी म्हटलं, मोडला नाही, वळवायचा आहे. आईला काही कळलं नाही, पण तिनं बांधलं. जुडीला मारते तशीच गाठ मारली.

झाकण फेकलं की खांदा फिरायचा आणि सोपट तुटायचं. पुन्हा बांधायचं, पुन्हा तुटायचं. सोपट वाया घालवते म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या. दंडाला वळ उठले. बोटांची सालं निघाली, त्यात मेथी खुडताना झोंबायचं. कधी वाटायचं, हे आपल्यासाठी नाहीच, आपला हात जुडीचाच. स्वतःचा इतका राग यायचा की झाकण पायाखाली तुडवावं. अख्खा हिवाळा असा गेला.

आणि एका संध्याकाळी झाकण सपाट गेलं. कोथिंबिरीवरून, पाटावरून, थेट बांधापलीकडे, त्यांच्या शेतात. मी कमरेकडे बघितलं. सोपट तसंच होतं. मला रडू आलं. मग झाकण आणायला त्यांच्या शेतात शिरले, तेव्हा आधी चारी बाजूंना बघितलं, कुणी पाहतंय का. जिंकले होते आणि चोरासारखी चालत होते. त्याचीही चीड आली.

जळगाव जामोदचा संघ आमच्या मैदानावर आला. खेळ अटीतटीचा चालला होता. शेवटी-शेवटी आमच्या पोरांना कुणी मोकळं दिसेना, म्हणून डिस्क माझ्याकडे आली. समोरची मुलगी माझी नेहमीची बाजू अडवून मोजायला लागली. मागून विश्वजित ओरडत होता, मले दे, मले दे. पलीकडच्या टोकाला रुपाली मोकळी होती. नेहमीसारखीच मोकळी. मी कोपर कमरेला टेकवलं आणि मनगट झटकलं. डिस्क त्या मुलीच्या हाताखालून गेली आणि रुपालीच्या दोन्ही हातांत बसली. आम्ही जिंकलो.

या खेळात सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात आणि एकमेकांबद्दल चांगलं बोलतात. तशी रीतच आहे. जळगाव जामोदची कॅप्टन म्हणाली, तुमच्या त्या मुलीची शेवटची फेक सगळ्यांत भारी होती. विश्वजित हसला.

"भाजीवाल्याची पोरगी हाये. फेकाफेकी तिच्या खानदानात हाये."

गोल हसला. तेच हसणं. या वेळी मी हसले नाही. मी दोन्ही खांद्यांवरचे हात काढले.

"फाउल," मी म्हटलं.

तो म्हणाला, खेळ संपला.

"माह्या बापाले बोलला तू. मले लागलं. फाउल."

"कोनाले म्हनून राह्यली, समजते का तुले?"

"तुले."

पंच नसलेल्या खेळात सर पाण्याची बाटली शोधायला लागले.

त्याच आठवड्यात त्यांच्या विहिरीवरची मोटर बंद झाली, आमचं पाणी थांबलं. बाबा मला त्यांच्या विहिरीवर घेऊन गेले. विश्वजितचे वडील म्हणाले, पोरापोरींचं आहे, पोरंच मिटवतील, आणि खाटेवर जाऊन बसले. विश्वजित माझ्यासमोर आला. म्हणाला, सॉरी म्हन, मोटर चालू करतो. मग त्यानं मैदानावर पसरतात तसे हात पसरले.

"दहा होईलोक टाइम हाये. एक."

बाबांना ते काय चाललंय कळलं नाही. मला कळलं. मैदानावर दुसरी बाजू तरी असते. इथं मागं बाप, पुढं हा, आणि बाजूला आमची मेथी, हातभर उंचीचीसुद्धा नाही. तो हसत-हसत मोजत होता. सातला बाबा म्हणाले, "म्हन, बाई." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. एक शब्द तर होता. आठ. नऊ. माझं कोपर कमरेला घट्ट टेकलेलं होतं.

दहा झाले. मी बोलले नाही.

"गेली," तो म्हणाला आणि हात खाली घेतले.

मेथी पिवळी पडली, मग वाळली. बाबा माझ्याशी बोलेनात. आई म्हणाली, "तुह्या खेळापायी मेथी गेली." मी म्हटलं, मेथी मी वाळवली नाही, ज्यानं मोटर बंद केली त्यानं वाळवली. आईनं वाफा उपटून बांधावर टाकला.

मी मैदानावर गेले तेव्हा सर फाटकाशीच म्हणाले, काही दिवस आराम कर. मी त्यांच्या शेजारून आत गेले आणि मैदानाच्या मधोमध उभी राहिले. त्या दिवशी डिस्क माझ्याकडे आली नाही. उद्या येईल असंही मी म्हणत नाही. पण कोपऱ्यात मी उभी राहणार नाही. गिनतीला मी नाही. खेळवायचं तर खेळवा, नाहीतर माझ्यावाचून संघ बसवून दाखवा.

आणि सॉरीचं म्हणशील विश्वजित, तर शंभरपर्यंत मोज.